सर कागद बघतात, मॅडम पाणी

जालन्यातल्या घर दाखवणाऱ्या एजंटांमध्ये सर आणि मॅडम यांचं नाव मोठं आहे. मंठा चौफुलीपासून भोकरदन नाक्यापर्यंत या धंद्यात असलेल्या जवळजवळ प्रत्येकाने त्यांना एकदा तरी घर दाखवलेलं आहे, आणि बहुतेकांनी एकदाच. नवा एजंट पहिल्या रविवारी खुशीत असतो. दोघंही जिल्हा परिषदेचे शिक्षक, दोघांचा पगार बँकेत जमा, एकुलती एक मुलगी, व्यसन म्हणाल तर सरांना सुपारीचं. असं गिऱ्हाईक शोधून सापडत नाही. दुसऱ्या रविवारी तो कमी बोलतो. तिसऱ्या रविवारी त्याच्या मावशीची तब्येत बिघडते.

एकाने त्यांचा नंबर मोबाइलमध्ये 'विचार करून सांगतो' या नावाने ठेवला आहे. ते एकदा मॅडमच्या नजरेस पडलं. त्यांना राग आला नाही. "बरोबरच आहे की," त्या म्हणाल्या, "नाही कुठं म्हणालो आपण कुणाला?"

मी त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, आणि माझ्याकडे चारचाकी आहे. या दोन गोष्टी जुळून आल्यामुळे त्यांच्या घरशोधाचा बराचसा इतिहास मागच्या सीटवरून थेट माझ्या कानात पडलेला आहे. एजंटासमोर ते भांडत नाहीत. त्याच्यासमोर ते एकमेकांना 'सर' आणि 'मॅडम' म्हणतात, माना डोलावतात, चहाला नको म्हणतात. गाडीचं दार लागलं की 'अहो' आणि 'अगं' सुरू होतं.

लग्न झालं तेव्हा सरांची शाळा मंठा तालुक्यात आणि मॅडमची भोकरदन तालुक्यात, म्हणजे जिल्ह्याची दोन टोकं. कितीतरी वर्षं त्यांचा संसार एसटीच्या वेळापत्रकावर चालला. मग 'पती-पत्नी एकत्रीकरण' या बदलीच्या प्रकारात दोघांना जाफराबाद तालुका मिळाला, जवळजवळची गावं मिळाली आणि जालन्यातून पाच शिक्षकांच्या गाडीत अपडाऊन सुरू झालं. दोघंही २००५ च्या नोव्हेंबरनंतर नोकरीला लागलेले, म्हणजे जुनी पेन्शन नाही. "पेन्शन नाही तर निदान छप्पर तरी आपलं असावं," हे सरांचं वाक्य, आणि घरशोधाची सुरुवात तिथून.

आता एक गंमत सांगायला हवी. शिक्षकाने शाळेच्या गावी, म्हणजे मुख्यालयी राहावं, तरच घरभाडे भत्ता, असा नियम. २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत या विषयाला तोंड फोडलं तेव्हा मराठवाड्यातल्या बऱ्याच शिक्षकांच्या घरी चहा कडू झाला होता. सर कागदोपत्री जाफराबाद तालुक्यातल्या त्या गावात राहतात. भाडेपावती आहे, ग्रामसभेचा ठराव आहे, पुराव्याला कमी पडू नये म्हणून आधार कार्डावरचा पत्ताही तिथलाच करून घेतलेला आहे. त्या गावातल्या घरमालकाची आणि त्यांची गाठ पावतीवर सही घेण्यापुरती. ज्या घरात ते राहत नाहीत त्याचे कागद असे लखलखीत आहेत. आणि हाच माणूस विकाऊ घराच्या कागदात एक काना इकडचा तिकडे झाला तरी चप्पल शोधायला लागतो.

सरांकडे एक निळी प्लास्टिकची फाइल आहे. घरात शिरल्यावर लोक भिंती बघतात, खिडक्या उघडतात, सर खुर्चीवर बसतात आणि म्हणतात, "मूळ कागद दाखवता का?" सातबारा, फेरफार, एनएचा आदेश, मंजूर लेआउट, पीआर कार्ड, घरपट्टी, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. एजंट म्हणतो, "सर, सगळं क्लिअर आहे." सर ते वहीत लिहून घेतात, तारखेसकट: 'सगळं क्लिअर आहे असे सांगितले.'

जालन्यात कागद बघायला बसलं की माणूस इतिहासात जातो. निजामाच्या काळात दिलेली मदतमाश जमीन, देवस्थान इनाम, वर्ग २, १९५४-५५ च्या खासरा पत्रकातली नोंद, त्यानंतरचे फेर. कुठल्या तरी पिढीत कुणीतरी कुणाला तोंडी देऊन टाकलेलं असतं. वर तुकडेबंदी. मग गुंठेवारी: २००१ चा कायदा, त्यात २०२१ ची दुरुस्ती, ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करण्याची सोय. आणि सगळ्यात शेवटी बॉण्ड. आमच्याकडे अर्धं गाव बॉण्डवर वसलेलं आहे. स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या, पेढे वाटले, राहायला गेले. त्या घरांत मुलं जन्मली, शिकली, पुण्याला गेली. सर मात्र 'बॉण्ड' हा शब्द ऐकला की फाइल मिटतात. त्यांच्या वडिलांची दोन एकर जमीन अशाच एका कागदापायी गेली, आणि ज्याच्यापायी गेली तो सख्खा चुलता होता. एवढंच ते सांगतात, पुढे सांगत नाहीत.

मॅडम या वेळात कुठे असतात? मागच्या दाराला.

मॅडमची पद्धत सरांच्या पद्धतीहून जुनी आहे आणि माझ्या मते जास्त शास्त्रीय आहे. गल्लीत गाडी शिरली की त्या काच खाली करतात आणि ड्रम मोजतात. दारात एक निळा ड्रम असेल तर पाणी बऱ्यापैकी येतं. दोन-तीन असतील तर आठवड्याने. दारात चार, जिन्याखाली दोन आणि गच्चीवर दोन टाक्या असतील तर त्या घरी एजंटाने 'नळाला भरपूर पाणी' म्हटलेलं मॅडम नुसतं ऐकून घेतात. मग बाथरूम. नळाच्या तोंडाशी पांढरा थर किती चढलाय ते नखाने खरवडून बघायचं. मग शेजारीण. एजंटाची नजर चुकवून मॅडम कुंपणाशी जातात आणि "ताई, इकडं पाणी कव्हा येतं हो?" एवढ्या एका प्रश्नावर जे मिळवतात ते तीस वर्षांच्या सर्चमध्ये मिळत नाही: बोअर किती फूट आहे, गेल्या मे महिन्यात कुठपर्यंत उतरला होता, टँकर किती दिवसांनी आला, आणि घर विकायला काढलंय ते खरं कशामुळे.

शेवटची परीक्षा डाळीची. मॅडमच्या पिशवीत दोन लिटरची रिकामी बाटली असते. बोअरचं पाणी त्यात भरून घरी आणायचं आणि त्या पाण्यात एक वाटी तूरडाळ लावायची. जड पाण्यात डाळ शिजत नाही, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. चंदनझिऱ्याकडच्या एका छान नव्या रो-हाऊसचं पाणी आणलं होतं तेव्हा मी खाली त्यांच्याकडेच बसलो होतो. पाच शिट्ट्या झाल्या. सात झाल्या. सरांनी घड्याळात बघितलं. मॅडमनी कुकर उतरवला, झाकण काढलं, एक दाणा बोटांत धरून दाबला. दाणा निसटून ओट्यावर उडाला. "तुमची रजिस्ट्री राहू द्या फाइलीत," मॅडम म्हणाल्या. त्या रो-हाऊसचे कागद इतके निर्मळ होते की सर दोन दिवस जेवले नाहीत नीट. अर्थात त्यातल्या एका दिवशी जेवायला तीच डाळ होती.

ज्यांनी जालन्याबाहेरच दिवस काढले त्यांना हे अती वाटेल. ज्या गावाला 'जालना, सोने का पालना' म्हणतात, जिथे बियाण्याचा धंदा उभा राहिला, जिथल्या भट्ट्यांतली सळई राज्यभर घरांच्या पिलरमध्ये उभी आहे, त्या गावात घर घेताना लोक पहिला प्रश्न पाण्याचा विचारतात आणि त्यात चूक काही नाही. नव्या जालन्याला निजामकाळातल्या घाणेवाडी तलावाचं पाणी, पुढे पैठणच्या जायकवाडीतून अंबडमार्गे आणलेलं पाणी, आणि तरी दारात ड्रम. २०१२-१३ चा दुष्काळ मॅडमनी कडेवर मूल घेऊन जालन्यातच काढला. टँकर गल्लीत शिरला की पोरगी शेजारणीकडे टाकायची आणि पाइप धरायला धावायचं. त्याआधी माहेरी भोकरदनकडे लहानपण हंड्यांत गेलेलं. त्या 'किचन मोठं पाहिजे' असं कधी म्हणत नाहीत. 'मोरीत पाणी पाहिजे' म्हणतात.

तर सर कागद बघतात, मॅडम पाणी बघतात, आणि पंचाईत अशी की आमच्याकडे या दोन गोष्टी सहसा एका जागी नांदत नाहीत. शहराबाहेर नवं प्लॉटिंग पडतं तिथे एनए, लेआउट, रस्ते, सगळं व्यवस्थित. बोअर सहाशे फूट नेला तरी नुसता फुफाटा. जुन्या वस्तीत पाणी गोड आणि कागद कडू. दोघांपैकी एकजण जरी चुकीचा असता तरी त्यांना घर केव्हाच मिळालं असतं. दोघंही बरोबर असल्यामुळे सगळं अडलं.

रविवारचे काही दौरे मात्र लक्षात राहण्यासारखे झाले.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि त्यानंतर जालन्यातलं प्रत्येक घर समृद्धीपासून दहा मिनिटांवर आलं. गावाच्या कुठल्याही टोकाला उभं राहा, एजंट हात लांब करतो आणि म्हणतो, "इथून समृद्धी दहा मिनिटं." एकदा मॅडमनी विचारलं, "आणि भाजी?"

"काय मॅडम?"

"भाजी किती मिनिटांवर मिळते? समृद्धीवर भाजीवाले बसायलेत का?"

पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये जालन्याची महानगरपालिका झाली, डिसेंबरच्या ३० तारखेला मुंबईची वंदे भारत सुरू झाली आणि एजंटांच्या जिभेला आणखी धार आली. "मॅडम, वंदे भारत जिथून सुटते ते गाव आहे हे. महानगरपालिका झाली. आज टोकन टाका, उद्या भाव आपल्या हातात नाही." मॅडमनी विचारलं, महानगरपालिका झाल्यावर नळाला पाणी रोज येणार का. तो प्रामाणिक निघाला. "ते नाही सांगता येत," म्हणाला, "पण घरपट्टी वाढंल." ती वंदे भारत तर पुढे २०२५ मध्ये नांदेडपर्यंत लांबली, तेव्हापासून तो एजंट 'जिथून सुटते' ऐवजी 'जिथं थांबते' म्हणतो, भाव मात्र तोच सांगतो.

जुन्या जालन्यातल्या वाड्याची गोष्ट वेगळी. दगडी चौथरा, सागवानी खांब, चौकात आड. आडाचं पाणी मॅडमनी ओंजळीत घेतलं, प्यायलं आणि तिथेच पायरीवर बसल्या. तीन शिट्ट्यांत डाळ शिजेल, हे त्यांना चवीवरूनच कळलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना घराच्या आतल्या भिंती बघताना पाहिलं. इकडे सर मालकांच्या बैठकीत वंशावळ काढत बसले होते. मालक तीन भाऊ, तिघांचं एकमत, किंमत ठरलेली. सरांनी पेन्सिलीने आजोबांपासून फांद्या काढल्या. एक फांदी मध्येच थांबली होती. "ही कोण?"

"आत्या. ती परभणीला दिलेली. तिचं काय?"

"हयात आहेत का?"

"ती वारली. तिला दोन पोरी आहेत."

सरांनी चष्मा पुसला आणि वर्गात शिकवतात त्याच आवाजात समजावून सांगितलं, की वारसांत आत्याचं नाव लावायचं राहिलंय, त्या मुलींच्या सह्यांशिवाय खरेदीखत होऊ शकत नाही. शिवाय तुम्हां तिघांच्या सख्ख्या बहिणींचं काय, महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशात २००५ पासून मुलींना बरोबरीचा हक्क आहे. बैठकीच्या आतल्या दारात त्या तिघांची बहीण दिवाळीला आलेली उभी होती. ती हे सगळं ऐकत होती. घर घेतलं नाही ते नाहीच, पण आम्ही निघालो तेव्हा आत जो आवाज सुरू झाला तो गांधी चमनपर्यंत ऐकू आला असेल. तो वाडा अजून विकला गेलेला नाही. थोरल्या भावाने सरांना बाजारात बघितलं की तो रस्ता ओलांडतो.

वंशावळीचा हा हात सरांना पुढे भलत्याच ठिकाणी उपयोगी पडला. २०२३ चा हिवाळा. मराठा आरक्षणासाठीच्या अंतरवाली सराटीतल्या उपोषणानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली होती आणि मराठवाड्यातले अभिलेख कक्ष कुणबी नोंदी शोधणाऱ्यांनी भरून गेले होते. नेमक्या त्याच दिवसांत सर एका प्लॉटचा जुना फेर शोधायला तहसीलमध्ये गेले. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "गाव? पणजोबांचं नाव?"

"कुणाच्या पणजोबांचं?"

"तुमच्या."

"माझ्या नाही हो, प्लॉटवाल्याच्या."

कारकून थकलेला होता. "सर, ज्याची नोंद त्याला पाठवा." रांगेतल्या माणसांना वाटलं, हे गुरुजी दुसऱ्यांच्या नोंदी शोधून देतात. एका म्हाताऱ्या बाबांनी घडी घातलेला कागद पुढे केला: "गुरुजी, एवढी वंशावळ नीट मांडून द्या बरं." शिक्षकाला असं काही म्हटलं की त्याच्याने नाही म्हणवत नाही. सर जिन्याच्या पायरीवर बसले आणि दुपारपर्यंत लोकांच्या वंशावळी लिहून देत राहिले. प्लॉटचा फेर सापडला नाही. बाबा मात्र इतके खूश झाले की निघताना हळूच म्हणाले, "गुरुजी, आमचा धाकला प्लॉट पाडायलाय वावरात. बॉण्डवर आहे, पण तुम्हाला कमी करून देऊ."

सरांच्या बाबतीत एक गोष्ट सांगायची राहिली, ती म्हणजे मोबाइलमधलं होकायंत्र. शाळेत वैज्ञानिक दृष्टिकोनावर भाषण सरच करतात, जादूटोणाविरोधी कायद्याचा फलक त्यांच्याच अक्षरात आहे. घराच्या उंबऱ्यावर मात्र ते मोबाइल आडवा धरतात आणि श्वास रोखतात. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे का, ईशान्येला संडास तर नाही, प्लॉट गोमुखी आहे की वाघमुखी. कुणी बघितलं की म्हणतात, "माझा विश्वास नाही. पण उद्या विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक विचारतं." अजून न घेतलेलं घर विकताना येणारं हे गिऱ्हाईक सरांच्या आयुष्यात फार मोठं आहे. त्याच्यासाठी त्यांनी दोन चांगले फ्लॅट आणि एक कोपऱ्याचा प्लॉट सोडला.

आणि मग २०२५ च्या पावसाळ्यात ते घर आलं.

मालक एक निवृत्त गृहस्थ, बायकोसह मुलाकडे पुण्याला चाललेले. तीस बाय चाळीसचा प्लॉट, नव्वदच्या दशकातलं साधं बैठं घर, पुढे एक कडुनिंब. सरांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, "मूळ कागद दाखवता का?" गृहस्थ आत गेले आणि लोखंडी ट्रंक घेऊन आले. प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पिशवीत, वर विषय, तारीख, अनुक्रमांक. एनए आदेश. लेआउट. बांधकाम परवाना. पहिल्या वर्षापासूनच्या घरपट्टीच्या पावत्या, एकही न चुकलेली. सरांनी एक पिशवी उघडली आणि पुन्हा तशीच घडी घालून ठेवली. गृहस्थांनी ते बघितलं आणि पुढची पिशवी स्वतःहून दिली. दोन तास दोघं जवळजवळ काही बोलले नाहीत. इतकं सुखी मी सरांना मुलीच्या निकालाच्या दिवशीही बघितलेलं नाही.

मागे मॅडम आणि त्या घरच्या काकू बोअरपाशी. एकशे ऐंशी फुटांवर लागलेलं पाणी, २०१३ मध्येसुद्धा अर्धा तास मोटर चालत होती, गल्लीतले लोक हंडे घेऊन इथे येत होते. मॅडमनी बाटली भरली. काकूंनी विचारलं, "डाळ लावायची असंल ना? मी पण तसंच बघून घेतला होता प्लॉट."

रात्री तिसऱ्या शिट्टीला मॅडमनी गॅस बंद केला. डाळ मऊसूत झाली होती. वरण झालं, आम्ही तिघं-चौघं जेवलो, आणि कुणीही घराविषयी एक शब्द बोललं नाही. मी हळूच बघितलं तर दोघांच्याही तोंडावर चक्क भीती होती. एवढी वर्षं प्रत्येकाला खात्री होती, की आपण हो म्हणालो तरी समोरचा नाही म्हणेल. आता कोण म्हणणार?

सकाळी सर माझ्याकडे वर आले. आवाज खाली आणून म्हणाले, "घर दक्षिणमुखी आहे हो."

मला त्यांचा चेहरा वाचता येईना. सुटल्यासारखाही होता आणि लुटल्यासारखाही. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "बोअर कोणत्या कोपऱ्यात आहे?" सरांना हे माहीत होतं, बोअर ईशान्येला होता, वास्तुवाले सांगतात अगदी तिथे. "मग तुमच्या गिऱ्हाइकाला मागच्या दारानं आणा," मॅडम म्हणाल्या. एजंटाने सांगितलं की दार दक्षिणेला असल्यामुळेच भाव चार लाखांनी कमी आहे. सरांनी वहीत दोन रकाने पाडले. एकीकडे वैज्ञानिक दृष्टिकोन, चार लाख. दुसरीकडे काही लिहायला सुचेना. व्यवहार ४२ लाखांना ठरला. इसार दिला, पावती सरांनी स्वतः लिहिली आणि मालकांनी ती पिशवीत घातली.

आता नाव कुणाचं लावायचं? इतके दिवस 'दोघांचं' ठरलेलं. पण घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, नवरा-बायकोच्या जोडनावाला ती नाही. ४२ लाखांवर ४२ हजार. २०२१ मध्ये ही सवलत आली तेव्हा तिला एक शेपूट होतं: पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. तेव्हा सरांनी मला विचारलं होतं, "पुरुषाला, म्हणजे मलाही नाही?" ते शेपूट २०२३ मध्ये गळालं. सरांनी ४२ हजार कागदावर लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली. घर मॅडमचं, हप्ता दोघांचा.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मीही गेलो, साक्षीदार म्हणून. खरेदीखताचा मसुदा सरांनी इतक्या वेळा वाचला होता की दस्तलेखक त्यांना बघून पंखा बंद करायचा, कागद उडू नयेत म्हणून. शेवटच्या क्षणी त्यांनी एका वेलांटीची चूक काढली. ती दुरुस्त करताना टायपिस्टचा हात चतुःसीमेवर पडला असावा. नवं पान आलं. सर वाचता वाचता थांबले. मग चष्मा काढून पुन्हा घातला. मला कोपऱ्यात नेलं आणि कागदावर बोट ठेवलं. लिहिलं होतं, पूर्वेस: रस्ता.

"कागदोपत्री पूर्वाभिमुख झालं," सर कुजबुजले. त्यांचे डोळे चमकत होते. ज्या माणसाने आयुष्यभर कागदातली चूक म्हणून घरं सोडली, त्याच्या हातात एक चूक आली होती आणि ती त्याला खाली ठेववत नव्हती. मी काही म्हणायच्या आत मागून हात आला. मॅडमनी पान घेतलं, वाचलं आणि दस्तलेखकासमोर ठेवलं. "हे नीट करा. उद्या विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक दार बघंल आणि कागद खोटे म्हणंल."

सर काही बोलले नाहीत. गिऱ्हाईक त्यांचंच होतं.

नंबर लागला. मॅडमचा फोटो, मॅडमचा अंगठा. मग ऑपरेटरने ओळख पटवणारे दोघं पुढे बोलावले, कारण दस्त करून देणाऱ्या-घेणाऱ्यांना आपण व्यक्तिशः ओळखतो असं सांगणारं कुणीतरी लागतं. एक मी. दुसरे सर; खरेदीदारांत नसल्यामुळे त्यांना आता एवढंच काम उरलं होतं. त्यांनी आधार कार्ड दिलं. ऑपरेटरने ते बघितलं, मॅडमचं बघितलं, परत सरांचं बघितलं.

"तुम्ही जाफराबाद तालुक्यातले. मॅडम पण जाफराबाद तालुक्यातल्या. दोघं राहता तिकडं, घर घ्यायलेत इकडं. जालन्यात ओळखतं का कुणी यांना?"

सरांनी मुख्यालयाचा नियम सांगायला तोंड उघडलं, पण कार्यालय सरकारी होतं, म्हणून मिटलं.

"सगळे एजंट ओळखतात," मॅडम म्हणाल्या. "बाहेर तिघं उभे आहेत. कोणता बोलावू?"